एकशेवीस तासांचा हिशेब

‘नामांकित केमिकल कंपनीत एक महिना ट्रेनिंग पूर्ण केले. भरपूर शिकायला मिळाले.’

महाड एमआयडीसीतल्या नोकरीची बरीच वर्षे मी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसलो. तेवढ्या काळात ही दोन वाक्ये किती बायोडाट्यांवर वाचली याची मोजदाद नाही. वाईट याचे वाटायचे की लिहिणाऱ्या मुलाने खरोखर काम केलेले असायचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतून तो पहाटे निघालेला असायचा, एसटी पकडून महाडला आणि तिथून बिरवाडीच्या बाजूला कंपनीच्या गेटवर पोचलेला असायचा. महिनाभर त्याने सॅम्पलच्या बाटल्या धुतल्या, रजिस्टरे भरली, केमिस्टच्या शेजारी उभे राहून टायट्रेशन बघितले. यातले काहीच कागदावर उतरायचे नाही. उतरायचे ते ‘भरपूर शिकायला मिळाले’.

महाड आणि पोलादपूरच्या महाविद्यालयांतून बीएस्सी, बीकॉम, बीए करणाऱ्या, लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकणाऱ्या आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, म्हणजे सगळे ज्याला ओजेटी म्हणतात ते, आता पदवीच्या अभ्यासक्रमातच आले आहे. एका श्रेयांकाचे ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांचे १२० तास. आठ तासांच्या पाळीने मोजले तर पंधरा दिवस. पंधरा दिवसांत सांगण्यासारखे काय असणार, असे मुलांना वाटते. पुष्कळ असते. फक्त ते नेमके मांडावे लागते.

त्यासाठी मी मुलांना एकच गोष्ट करायला सांगतो. वहीचे एक पान घ्या, त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यावर लिहा ‘पाहिले’, दुसऱ्यावर ‘मदत केली’, तिसऱ्यावर ‘स्वतः केले’. आता पहिल्या दिवसापासून आठवत जा आणि प्रत्येक काम त्याच्या खऱ्या रकान्यात टाका. बायोडाटा बिघडतो तो इथेच. मुले पाहिलेले काम केलेल्यात घालतात किंवा स्वतः केलेले काम ‘पाहिले’ म्हणून सोडून देतात. माझ्या अनुभवात दुसरा प्रकारच जास्त, आणि मुलींमध्ये फार जास्त. ‘सर, मी काही विशेष केले नाही,’ म्हणणारी मुलगी दहा मिनिटांनी सांगते की पंधरा दिवस रोज सकाळी पीएच मीटर बफरने कॅलिब्रेट करण्याचे काम तिच्याकडेच होते. हेच तर विशेष आहे! कॅलिब्रेशन न केलेल्या मीटरवर दिवसभराचा एकही आकडा विश्वासाचा नसतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

एक उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण आपल्या भागात ते वारंवार येते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, म्हणजे ईटीपीच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षण झालेले बरेच विद्यार्थी असतात. सावित्रीच्या काठावर रासायनिक कारखाने म्हटल्यावर पाण्याच्या तपासण्या आल्याच. मुलाखतीत विचारतात, ‘सीओडी म्हणजे काय?’ मुलगा पाठ केलेली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतो. पुढचा प्रश्न येतो, ‘तुम्ही केली होती का ही टेस्ट?’ मुलगा ‘हो’ म्हणतो. ‘डायजेस्टर किती तापमानाला, किती वेळ?’ इथे तो गप्प होतो, आणि त्याच क्षणी टेबलापलीकडच्या माणसाचा त्याच्या बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

आता हेच उत्तर तीन रकान्यांतून आलेले ऐका. ‘सर, सॅम्पल मी स्वतः आणायचो, इनलेट आणि आउटलेट दोन्हीकडून, आणि बाटलीवर वेळ लिहायचो. डायजेस्टरमध्ये नळ्या लावायला केमिस्ट मॅडमना मदत करायचो, १५० अंशांवर दोन तास. टायट्रेशन त्याच करायच्या, मी बघायचो. फेरॉइनचा रंग निळसर हिरव्यावरून एकदम विटकरी होतो, तो पॉइंट मला ओळखता येतो, पण आकडा मी स्वतः कधी दिलेला नाही.’ हा मुलगा कमी बोलला का? उलट त्याने कबूल केले की मुख्य काम त्याने केलेलेच नाही. तरी मी यालाच घेईन, कारण याला आठवड्याभरात टायट्रेशनवर उभे करता येईल आणि उद्या आकडा चुकला तर तो लपवणार नाही याची मला खात्री वाटते. याच मुलाला बीओडीबद्दल विचारले आणि त्याने ‘आमच्याकडे तीन दिवस, २७ अंशांवर’ असे सांगितले, तर आणखी बरे. पुस्तकात पुष्कळदा पाच दिवस आणि २० अंश असतात. ज्याने इन्क्युबेटरचे दार उघडून बघितले आहे त्याला हा फरक माहीत असतो.

रकाने भरून झाले की बायोडाट्यावर ओळी उतरवायच्या. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत न्या. थेट इंग्रजीत लिहायला बसले की नेटवरची तयार वाक्ये हाताला लागतात आणि सगळ्यांचे बायोडाटे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसू लागतात. मराठीत लिहिताना खोटे लिहायला हात अडखळतो. ‘रोज १० ते १२ सॅम्पलचा पीएच आणि मॉइश्चर तपासून रजिस्टरला नोंद केली’ हे मराठीत नीट उभे राहिले की इंग्रजीत न्यायला टेस्टेड आणि रेकॉर्डेड हे दोन शब्द पुरतात. ‘मदत केली’साठी असिस्टेड, ‘पाहिले’साठी ऑब्झर्व्ह्ड. ऑब्झर्व्ह्ड लिहायला लाजू नका. रासायनिक कारखान्यात विद्यार्थ्याला रिॲक्टरच्या व्हॉल्व्हला हात लावू देत नाहीत ते योग्यच आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. उलट कोणी ‘रिॲक्टर ऑपरेट केला’ असे लिहिले की आम्ही कान टवकारून बसायचो.

मजकुराची मांडणी साधी ठेवा. कंपनीचे नाव आणि ठिकाण, तुमचा विभाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण तास. त्याखाली तीन ओळी, फार तर चार. प्रत्येक ओळीत एक क्रियापद आणि शक्य तिथे एक आकडा. तास जरूर लिहा. ‘एक सेमिस्टर’ लिहिले की वाचणाऱ्याला वाटते सहा महिने, आणि मग प्रमाणपत्रावर १२० तास दिसले की उगाच संशय येतो. नवख्या उमेदवाराचा बायोडाटा एका पानाचा असावा आणि प्रशिक्षण शिक्षणाच्या लगेच खाली यावे, छंदांच्या खाली नव्हे. आणि आपल्याकडे लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा यांची गल्लत होते ती टाळा. जात, कुलदैवत, भावंडे, मामाचे गाव यांतले काही नोकरीच्या कागदावर लागत नाही. त्या जागेत आणखी एक खरे काम मावेल.

कारखान्याबाहेर प्रशिक्षण झालेल्यांनी आपण मागे पडलो असे समजू नये. बीकॉमची मुलगी महाडच्या बाजारपेठेतल्या एखाद्या कर सल्लागाराकडे बसली असेल, तर तिने ‘टॅलीचे ज्ञान’ एवढे लिहून थांबू नये. खरेदीची बिले आणि पोर्टलवरचे जीएसटीआर-२बी ताडून पाहिले का? कोणती बिले जुळली नाहीत, का जुळली नाहीत? पुरवठादाराने महिना उशिरा भरले होते की जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकला होता? हे सांगता आले की समोरच्याला कळते, ही मुलगी फक्त एंट्री मारत नव्हती. पतसंस्थेत बसलेल्याने पिग्मीच्या रोजच्या वसुलीचा ताळा कसा घातला ते सांगावे. बीएच्या मुलाला ग्रामपंचायतीत पाठवले असेल, तर नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही आणि नमुना ९ ची मागणी नोंदवही यांतला फरक त्याला सांगता यायला हवा. घरपट्टीची किती खाती त्याने संगणकावर चढवली, हेही सांगता यायला हवे. गावातल्या नावांत किती चुका सापडतात! एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले असते. त्या चुका कशा शोधल्या, कोणाला विचारून दुरुस्त केल्या, याची दोन वाक्ये मुलाखतीत सोन्यासारखी असतात.

नावाबद्दलही काळजी घ्या. इंटर्न, अप्रेंटिस आणि ट्रेनी हे शब्द आपल्याकडे सरमिसळ वापरले जातात, पण कागदावर त्यांचे वजन वेगळे आहे. अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार करून ठेवलेला उमेदवार. आयटीआयमधून अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड करून ज्याने शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली आणि परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवले, त्याने ते ठळक लिहावे. कारखान्यांत त्याला मान आहे. पण पंधरा दिवसांच्या ओजेटीला अप्रेंटिसशिप म्हणू नका. तसेच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. शिकत असलेल्यांसाठी ती नाही, शिक्षण संपवलेल्यांसाठी आहे. त्यातून एखाद्या सरकारी कार्यालयात बसलेले काही जण बायोडाट्यावर ‘शासकीय नोकरीचा अनुभव’ लिहितात. ती नोकरी नव्हती, प्रशिक्षण होते. योजनेचे पूर्ण नाव, ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द, कार्यालय आणि महिने एवढे स्वच्छ लिहा. त्याने काही कमीपणा येत नाही.

आता एक बोलायला अवघड गोष्ट. काही जण कंपनीत पाऊलही न टाकता ओळखीतून प्रमाणपत्र आणतात. महाविद्यालयाचे गुण पदरात पडतात, घरचेही खूश होतात. मी अशा मुलांना समोर बसवून बोललो आहे आणि मला त्यांचा राग येण्याऐवजी दया आली आहे, कारण तिसऱ्या प्रश्नाला सगळे उघडे पडते आणि त्या मुलाचा चेहरा बघवत नाही. शिवाय आपला परिसर छोटा आहे. महाडच्या एका कंपनीतला माणूस दुसऱ्या कंपनीतल्या माणसाला चहाच्या टपरीवर रोज भेटतो. रोहे-धाटाव असो की घाटापलीकडचे लोटे-परशुराम, खात्री करायला एक फोन पुरतो. असे प्रमाणपत्र हातात असेल तर ते बायोडाट्यावर घालू नका. त्याऐवजी आठवडाभर खरे काम कुठेही करा, मेडिकलच्या दुकानात मुदत संपत आलेल्या औषधांची यादी करायला बसा, आणि ते लिहा.

खरे काम केलेल्यांनाही एक पथ्य पाळावे लागते. ज्या कंपनीने तुम्हाला आत घेतले तिची प्रक्रिया, ग्राहकांची नावे, उत्पादनाचे प्रमाण बाहेर बोलायचे नाही. बॅच शीटचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर आजच पुसून टाका. एखादा मुलाखतकार मुद्दाम विचारतो, ‘तिथे ही पायरी किती तापमानाला करतात?’ तेव्हा शांतपणे सांगा, ‘सर, ती माहिती त्या कंपनीची आहे. तपासणीची पद्धत सांगू शकतो.’ कोणी नाराज होत नाही. उद्या तुम्ही यांचेही बाहेर सांगणार नाही, हे त्याला त्यातूनच कळते.

मुलाखतीत ‘तुमच्या ट्रेनिंगबद्दल सांगा’ म्हटले की बहुतेक जण कंपनीची माहिती सांगू लागतात. स्थापना कधी, एकर किती, मालक कोण. ती माहिती समोरच्याला तुमच्याकडून नको असते. त्याऐवजी एक दिवस सांगा. गेटवर आत जाताना काय तपासायचे, सेफ्टी शूज-हेल्मेट कुठे घालायचे, प्रयोगशाळेत पहिले काम कोणते, दुपारी काय बदलायचे, जाताना कोणाकडे काय सोपवायचे. दोन मिनिटांत दिवस संपवा. मग एक अडचण सांगा, जी खरोखर आली. समजा, दोन सॅम्पलच्या लेबलांवर एकच बॅच क्रमांक होता. तुम्ही काय केले? तपासणी थांबवून केमिस्टना दाखवले, त्यांनी प्लँटमध्ये फोन करून खातरजमा केली, आणि पुढे तुम्ही बाटली हातात घेतानाच क्रमांक मोठ्याने वाचायची सवय लावली. एवढी साधी गोष्ट पुरते. मोठा पराक्रम कोणी मागत नाही.

सुरक्षेचा प्रश्न आपल्या भागात येणारच, आणि तो यायलाच हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्फोट होऊन आग लागली, कामगारांचे जीव गेले. त्यानंतर या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर देणाऱ्याकडे कोणी सहजपणे बघत नाही. ‘वायुगळती झाली तर काय कराल?’ याला ‘पळेन’ हे उत्तर नव्हे. विंड सॉक बघून वारा कुठून येतो ते पाहायचे, वायू ज्या दिशेला जातो तिच्या आडव्या बाजूने निघायचे, असेंब्ली पॉइंटला पोचायचे आणि हजेरी होईपर्यंत तिथून हलायचे नाही. तुमच्या कंपनीत असेंब्ली पॉइंट कुठे होता ते सांगता आले, तर त्या एका वाक्यावरून कळते की पहिल्या दिवशीचे सेफ्टी ट्रेनिंग तुम्ही लक्ष देऊन ऐकले होते. सल्फ्युरिक ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड घालायचे, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे बारावीचे ज्ञानही विचारतात. का, तेही सांगता आले पाहिजे: प्रचंड उष्णता निघते, आणि ॲसिडवर ओतलेले थोडे पाणी तिथल्या तिथे उकळून ॲसिडसकट अंगावर उडते.

भाषेची भीती मनातून काढा. महाडच्या कारखान्यांत प्रत्यक्ष काम मराठी-हिंदीतच चालते, रजिस्टर तेवढे इंग्रजीत. स्वतःची ओळख आणि ट्रेनिंगची तीन वाक्ये इंग्रजीत तयार ठेवा, मोठ्याने म्हणून बघा. पुढे अडले तर ‘सर, हे मराठीत सांगितले तर चालेल का?’ असे विचारा. तळोजा किंवा पाताळगंगेच्या मोठ्या कंपनीतही बहुतेकदा ‘सांगा की’ असेच उत्तर येते. घरात आरशासमोर सराव करण्यापेक्षा धाकट्या बहिणीला समोर बसवून तिला समजेल असे ट्रेनिंग सांगा. तिला कळले तर कोणालाही कळेल.

आणि आपल्याकडचे खास दोन प्रश्न. पहिला, ‘पोलादपूरहून रोज कसे येणार? सेकंड शिफ्टला रात्री कसे जाणार?’ याला ‘मॅनेज करीन’ म्हणू नका. प्रशिक्षणाच्या काळात तुम्ही रोज कसे येत होता, ते तुमच्याकडचे सर्वांत ठोस उत्तर आहे. ‘सर, ट्रेनिंगला मी रोज पहिल्या एसटीने येत होतो, पंधरा दिवसांत एकदा उशीर झाला, त्या दिवशी फोन करून कळवले होते. नोकरी लागली तर महाडमध्ये मित्रांबरोबर खोली बघून ठेवली आहे.’ मुलींना हा प्रश्न जास्त टोचून विचारला जातो, ते योग्य नाही. पण तयार उत्तर असले की पुढचा अर्धा प्रश्न विचारायचे धाडस समोरच्याला होत नाही. दुसरा प्रश्न गणपतीचा. गणपतीत आणि शिमग्याला अर्धा प्लँट रिकामा होतो हे प्रत्येक मॅनेजरला माहीत असते. तुमचे प्रशिक्षण भाद्रपदात आले असेल आणि दीड दिवसाचा गणपती करून तुम्ही तिसऱ्या दिवशी कामावर हजर असाल, तर ते जरूर सांगा. त्या मॅनेजरला यापेक्षा गोड बातमी नाही.

ज्यांचे प्रशिक्षण अजून चालू आहे त्यांनी खिशात छोटी डायरी ठेवावी आणि रोज संध्याकाळी एसटीत बसल्यावर पाच ओळी लिहाव्यात. शेवटच्या दिवशी सुपरवायझरसाहेबांना विचारून ठेवावे, ‘साहेब, कोणी चौकशी केली तर तुमचे नाव सांगितले तर चालेल ना?’ परवानगी न घेता कोणाचा नंबर बायोडाट्यावर छापू नका. प्रमाणपत्रावर तारखा, तास, विभाग आणि शिक्का आहे का ते गेटबाहेर पडायच्या आधी पाहा. नंतर एका दुरुस्तीसाठी चार फेऱ्या होतात. आणि ते मिळाले त्याच दिवशी स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि स्वतःच्या मेलवर ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा किती घरांत कपाटातली कागदपत्रे चिखलाचा गोळा झाली, ते आपण पाहिले आहे. विद्यापीठाची गुणपत्रिका दुसरी मिळते. पंधरा दिवसांच्या ओजेटीचे पत्र दुसरे मिळवायचे तर ज्यांनी सही केली ते साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात.